मेन बंद केली का?

जनरेटर घराला जोडायचा सगळ्यात स्वस्त मार्ग आमच्या भागात कुणालाही विचारा, सांगतील. दहा-बारा फूट वायर घ्यायची, दोन्ही टोकांना प्लग बसवायचे, एक जनरेटरमध्ये खोचायचा आणि दुसरा फ्रिजच्या किंवा मोटारीच्या मोठ्या सॉकेटात. घर उजळतं. बोर्डाला हात लावावा लागत नाही, मिस्त्रीला पैसे द्यावे लागत नाहीत. पथ्य एकच, आधी घराची मेन बंद करायची. ही वायर मी स्वतः तयार केली आणि बरीच वर्षं वापरली. त्या काळात मी मंडलातल्या एका हायस्कुलात फिजिकल सायन्स शिकवत होतो, त्यामुळे अज्ञानाची सबब मला नाही. एका चुकीतून दुसरी कशी निघाली, ते इथे सांगतो. प्रत्येक चुकीनंतर मी धडा घेतला होता, पण दर वेळी तो अर्धाच घेतला.

गुडीहत्नूर नागपूर-हैदराबाद रस्त्यावर आहे, आदिलाबादच्या दक्षिणेला. पूर्वीचा सात नंबरचा हायवे, आता 44. इथूनच इंद्रवेल्ली-उटनूरकडे फाटा जातो. घरात मराठी आणि बाजारात तेलुगू बोलणारी आमच्यासारखी पुष्कळ घरं इथे आहेत. आमच्याकडे ‘लाईट गेली’पेक्षा ‘करंट गेला’ जास्त ऐकू येतं. मे-जूनमध्ये वावटळ आली की फांद्या तारांवर पडतात आणि करंट जातो, हे दरवर्षीचंच. पण संयुक्त आंध्राचे शेवटचे दिवस वेगळे होते. 2012 साली विजेची इतकी टंचाई होती की कारखान्यांना ‘पॉवर हॉलिडे’ लागला. गावांत करंट कधी येईल आणि कधी जाईल याचा भरवसा नव्हता. त्याच सुमारास मी एक जुना, दोन केव्हीएचा पेट्रोल जनरेटर घेतला. आई म्हातारी, मुलाची दहावी, रात्रीचा उकाडा. कारणं पुरेशी होती.

पहिली चूक जागेची. पाऊस लागू नये म्हणून जनरेटर मी जिन्याखाली, बंदिस्त ओसरीत ठेवला. शेजारीच आईच्या खोलीची खिडकी. रात्री जनरेटर जास्त वेळ चालला की सकाळी तिचं डोकं दुखायचं, मळमळायचं. ‘पेट्रोलचा वास चढतो’ असं ती म्हणायची आणि आम्हीही तेच धरून चाललो. वास येत होता तो पेट्रोलचा. त्रास देणारा वायू बहुधा कार्बन मोनॉक्साइड होता, ज्याला वासच नसतो. रक्तातलं हिमोग्लोबिन त्याला ऑक्सिजनपेक्षा दोनशे पटींहून अधिक जोराने धरून ठेवतं. झोपलेल्या माणसाला गुदमरल्याची जाणीवही होत नाही. एका उन्हाळ्यात पाहुण्यांची दाटी झाली, तिकडची खोली त्यांना दिली आणि सकाळी डोकेदुखीची तक्रार पाहुण्यांनी केली, तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. जनरेटर अंगणाच्या टोकाला, पत्र्याखाली, चारही बाजूंनी उघड्या जागेत गेला. धुराचं तोंड घराच्या विरुद्ध दिशेला केलं. या एका बाबतीत मात्र नशिबाने हात दिला, अक्कल नंतर आली.

वायर लांब झाली, पण प्रकार तोच राहिला. त्या वायरीचा एक दोष कुणालाही समजेल असा आहे. जनरेटर चालू असताना भिंतीतला प्लग निसटला, तर पितळेच्या उघड्या पिनांवर 230 व्होल्ट असतात. साध्या प्लगच्या पिना सॉकेटबाहेर आल्या की मेलेल्या असतात, म्हणून लहान मुलाच्या हातात प्लग दिसला तरी आपण दचकत नाही. इथे ते उलटं होतं. मी मुलाला ‘त्या वायरीला हात लावू नको’ एवढं बजावलं आणि निश्चिंत झालो.

दुसरा दोष दिसत नाही. सॉकेटातून आत शिरलेली वीज घरभर फिरते, बोर्डापर्यंत जाते आणि मेन चालू असेल तर मीटरमधून उलटी खांबावर जाते. म्हणूनच ते पथ्य, आधी मेन बंद. पथ्य साधं होतं आणि मी विसरणारा माणूस नव्हतो. तरी घोटाळा झाला. तो का झाला, हे मला बऱ्याच उशिरा उमगलं. मेन बंद करून जनरेटरवर बसलं, की बाहेर करंट आला की नाही हे घरात कळायला मार्गच उरत नाही. रस्त्यावरचा दिवा बंद असेल, शेजारी झोपलेले असतील, तर कसं कळणार? मग कुणीतरी उठतं आणि ‘बघू, आला का’ म्हणून मेन वर करून पाहतं. पेट्रोल जळत असतं, प्रत्येकाला घाई असते. हे मीही केलं आहे, मुलानेही केलं आहे. आमची व्यवस्थाच अशी होती की ती मोडण्याची गरज तिच्यातूनच तयार व्हायची.

पहिला फटका यंत्राला बसला. एका संध्याकाळी जनरेटर चालू असताना मेन वर होती आणि नेमका तेव्हाच करंट आला. धाडकन आवाज झाला, जनरेटर जागच्या जागी उसळला आणि जळक्या वार्निशचा वास सुटला. कॉइल जळाली होती. विजेचा प्रवाह सेकंदाला पन्नास आवर्तनं करतो. दोन स्रोत जोडताना दोघांची आवर्तनं नुसती सारख्या वेगाची असून चालत नाही. त्यांचं पाऊलही एकत्र पडावं लागतं. नाहीतर एकाच जुवाला जुंपलेल्या दोन बैलांपैकी एक पुढे आणि एक मागे ओढू लागावा, तसं होतं आणि मोडतो तो लहान बैल. देशाच्या पातळीवर हीच गोष्ट किती जपून केली जाते, ते त्याच काळात पाहायला मिळालं. 31 डिसेंबर 2013 ला रायचूर-सोलापूर ही 765 किलोव्होल्टची लाइन चालू करून दक्षिण ग्रिड उरलेल्या देशाच्या ग्रिडशी एकसूत्र झालं. वारंवारता, व्होल्टेज, कला जुळवून मगच खटका ओढायचा, हा त्यातला नियम. ती बातमी मी वर्गात मुलांना समजावून सांगितली होती. घरी मात्र ग्रिडला ग्रिड जोडायचं काम मी दोन प्लगच्या वायरीवर सोपवलं होतं.

या प्रसंगात आणखी एक चूक उघडी पडली. मेनपाशी चिनीमातीचा किटकॅट फ्यूज होता. इतका मोठा प्रवाह वाहिल्यावर त्याने जळायला हवं होतं. तो जळला नाही, कारण सारखा उडतो म्हणून वैतागून मीच कधीतरी त्यात फ्यूजच्या तारेऐवजी जाड तांब्याची तार घातली होती. वितळायला ठेवलेली गोष्ट वितळू नये अशी करून ठेवल्यावर दुसरं काय होणार?

जनरेटर गुंडाळून आणला, बऱ्यापैकी खर्च झाला. धडा घेतला तो असा की बोर्डावर कागद चिकटवला, ‘आधी मेन बंद’, लाल अक्षरांत. जळलं ते माझं यंत्र, गेले ते माझे पैसे, म्हणून लक्ष ठेवायचं ते मी, एवढंच मला दिसत होतं. तारेच्या दुसऱ्या टोकाला कोण असू शकतं, हा विचार माझ्या मनात आलाच नाही.

तो विचार पावसाळ्याच्या तोंडावर एका लाइनमनने करायला लावला. वावटळीत लिंबाची फांदी पडून आमच्या गल्लीतली तार तुटली होती. खांबावर काम करायचं म्हणून लाइनमनने ट्रान्सफॉर्मरवरचे फ्यूज काढून ठेवले होते. त्याच्या लेखी लाइन मेलेली होती. इकडे आमच्या घरात जनरेटर चालू आणि कुणीतरी ‘आला का’ म्हणून मेन वर केलेली. जनरेटरचा आवाज एकदम जड झाला. मला वाटलं, कार्बोरेटरमध्ये कचरा अडकला. शेजारच्या घरात बल्ब मंद पिवळा पेटला आणि त्यांची पोरं ‘करंट आला’ म्हणून ओरडली. तार तुटल्यामुळे आमच्या बाजूच्या तुकड्यावर मोजकीच घरं उरली होती, म्हणून एवढासा जनरेटरही ती ओढत राहिला.

लाइनमनने तारेला हात लावण्याआधी टेस्ट लॅम्प लावून पाहिला. तो पेटला. तो खाली उतरला, कान देऊन गल्लीतून चालत आला आणि आमच्या फाटकात उभा राहून विचारलं, “जनरेटर मीदेना, सार?” तुमचाच का, एवढंच. मी धावत जाऊन मेन पाडली. तो चिडला नाही. मग मराठीत म्हणाला, “सर, लॅम्प लावायची सवय आहे म्हणून आलो. घाईत असतो तर नसतो आलो.” त्याचा मुलगा माझ्याच शाळेत होता. मला काही बोलता आलं नाही.

खांबावर 230 व्होल्टचा झटका बसला, तर माणूस विजेपासून वाचला तरी पडून जाऊ शकतो. आणि धोका तिथेच थांबत नाही. आपल्या गल्लीतला ट्रान्सफॉर्मर 11,000 व्होल्ट घेऊन 433 व्होल्ट देतो. एका फेजचा हिशेब केला तर 11,000 ला साधारण 250. पण ट्रान्सफॉर्मरला दिशा कळत नाही. लहान वेढ्यांच्या बाजूने 230 व्होल्ट घातले, तर मोठ्या बाजूला दहा हजारांच्या आसपास निघतात. त्या दिवशी फ्यूज काढलेले नसते आणि काम वरच्या लाइनवर चाललं असतं, तर धोका कितीतरी पटींनी वाढला असता. ‘जनरेटर लहान आहे, एवढ्या लोडला तो बंदच पडेल’ असं काहीजण म्हणतात. बहुतेक वेळा पडेलही. पण बंद पडायला लागणारे दोन-चार सेकंद माणसाला पुरतात, आणि ट्रॅक्टरवर चालणारा अल्टरनेटर तर बंदही पडत नाही. हे गुणोत्तर मी दरवर्षी फळ्यावर लिहीत होतो. वेढ्यांचं प्रमाण, व्होल्टेजचं प्रमाण, उदाहरण सोडवा. फळ्यावरच्या आकृतीत बाण डावीकडून उजवीकडे होता, आणि माझं ज्ञान त्या बाणाबरोबरच चालत होतं.

कायदाही इथे स्पष्ट आहे. वितरण कंपनीच्या संमतीशिवाय आपली वीज तिच्या तारांना जोडायची नाही. केंद्रीय विद्युत प्राधिकरणाचे सुरक्षेचे नियम 2010 साली आले आणि 2023 मध्ये नवे आले. मी त्यातला एकही तेव्हा वाचला नव्हता.

आता चेंजओव्हर बसवायचा, हे ठरलं. एका बाजूला खांबाची वीज, दुसऱ्या बाजूला जनरेटर, मध्ये शून्य. दांडा एका वेळी एकाच बाजूला जाऊ शकतो. आठवण ठेवायचं काम माणसाकडून काढून लोखंडाकडे द्यायचं, हाच त्याचा सगळा अर्थ. पण इथेही मी काटकसर केली. गावातला मिस्त्री म्हणाला, न्यूट्रलमध्ये काही नसतं सर, फेज बदलला की झालं. एक पोलचा खटका स्वस्त होता. मी मान डोलावली. मिस्त्रीला दोष देत नाही. तो त्याला माहीत होतं ते सांगत होता आणि त्याहून जास्त माहीत असणं हे माझं काम होतं. न्यूट्रलमध्ये ‘काही नसतं’ ते तो नीट अर्थिंग केलेला असेल तोवर. खांबावर न्यूट्रल तुटला, तर घरातल्या बल्ब-पंख्यांतून फिरून त्याच न्यूट्रलवर वीज येऊन उभी राहते. आमच्या फिटिंगमध्ये जनरेटरचा न्यूट्रल खांबाच्या न्यूट्रलशी कायमचा बांधलेला राहिला. म्हणजे एक दार बंद केलं आणि दुसरं उघडंच ठेवलं.

याचं फळ पुढे वेगळ्याच रूपात मिळालं. घराची वायरिंग नवी करताना मीटरनंतर लगेच 30 मिलिअँपिअरची आरसीसीबी बसवली. फेजमधून गेलेला प्रवाह न्यूट्रलमधून तेवढाच परत येतो का, हे ती पाहते. फरक पडला की कुठेतरी, कदाचित कुणाच्या तरी अंगातून, वीज गळते असं समजून सप्लाय तोडते. आमच्याकडे ती रोज पडू लागली, तेही जनरेटर बंद असताना. फ्रिज तपासला, गिझर तपासला, सगळं ठीक. शेवटी मी ती बायपास केली. ‘यंत्रच खराब निघालं’ असं घरात सांगितलं. माझ्या सगळ्या चुकांत ही सगळ्यात लाजिरवाणी, कारण इथे मला इशारा मिळत होता आणि मी इशारा देणाऱ्याचंच तोंड बंद केलं.

पुढे आदिलाबादचा एक परवानाधारक वायरमन दुसऱ्या कामासाठी घरी आला. जिनिंगच्या मोठ्या जनरेटरांवर काम केलेला माणूस. बायपास पाहून त्याने चेंजओव्हरचं झाकण उघडलं आणि विचारलं, “न्यूट्रल वेगळा का नाही केला, काका?” जनरेटरपाशी न्यूट्रल अर्थला जोडलेला होता, ते बरोबरच होतं. तसं नसेल तर जनरेटरवर चालताना गळती झाली तरी प्रवाहाला परतायची वाटच मिळत नाही आणि आरसीसीबी नुसती बघत बसते. पण तोच न्यूट्रल खांबाच्या न्यूट्रललाही चिकटलेला असल्यामुळे, खांबाची वीज वापरतानाही थोडा प्रवाह जनरेटरच्या अर्थमधून जमिनीत जात होता. आरसीसीबीला तो कमी पडलेला दिसायचा आणि ती पडायची. ती अगदी खरं बोलत होती.

त्याने दोन पोलचा चेंजओव्हर घातला. फेज आणि न्यूट्रल दोन्ही एकदम बदलतात, मधल्या शून्यावर दोन्ही तुटतात. आरसीसीबी चेंजओव्हरच्या पुढे, घराच्या बाजूला घेतली, म्हणजे वीज कुठूनही आली तरी ती राखण करते. जनरेटरसाठी भिंतीवर इनलेट बसवला: पिना आत दडलेल्या, भिंतीतल्या खोबणीत, आणि वायरीच्या टोकाला भोकांचं सॉकेट. वायर निसटली तरी उघडी वीज हाताला लागत नाही. जनरेटरच्या अंगाला स्वतंत्र अर्थिंग दिली. किटकॅट काढून एमसीबी टाकली. आणि एक छोटीशी गोष्ट, जी मला सगळ्यात महत्त्वाची वाटते: चेंजओव्हरच्या आधी, खांबाच्या बाजूला एक लाल इंडिकेटर. करंट आला की तो पेटतो, घर जनरेटरवर असलं तरी. ‘आला का बघू’ म्हणून कुणी कशालाही हात लावायची गरज उरली नाही.

जनरेटरवर काय चालवायचं, तेही त्यानेच ठरवायला लावलं. दिवे, पंखे, फ्रिज, आईच्या खोलीचा कूलर एवढंच एका वेगळ्या छोट्या बोर्डावर. बोअरची मोटार नाही. मी पूर्वी एक हॉर्सपॉवर म्हणजे 746 वॉट, दोन केव्हीएत सहज बसते, असा हिशेब करून ती लावत असे. मोटार सुरू होताना पाच-सहा पट प्रवाह ओढते, व्होल्टेज कोसळतो आणि त्या कोसळलेल्या व्होल्टेजवर फ्रिजचा कॉम्प्रेसर घुटमळत राहतो. एक कॉम्प्रेसर मी तसाच घालवला आणि दोष फ्रिजला दिला.

आता शेतीला चोवीस तास वीज देणाऱ्या राज्यात, 1 जानेवारी 2018 नंतर, जनरेटरची गोष्ट जुनी वाटेल. पण वावटळी थांबलेल्या नाहीत, आणि घराघरांत आता वीज तयार करणारी दुसरी साधनं येत आहेत. 2024 च्या फेब्रुवारीत ‘पीएम सूर्यघर’ योजना आली, तेव्हापासून छतांवर पॅनेल वाढले. करंट गेला की भर उन्हातही सोलर बंद पडतो, अशी तक्रार मी बाजारात ऐकतो. तो बिघाड नाही. बाहेरची वीज गेल्याचं ओळखून इन्व्हर्टर स्वतःला तोडून घेतो, कारण खांबावर माणूस असू शकतो. मी ज्या कामासाठी लाल अक्षरांचा कागद चिकटवला होता, ते काम त्याच्या आत बसवलेलं असतं. हे माहीत नसलेला माणूस मग सोलर चालू राहावा म्हणून जुना जनरेटर त्याच लाइनला लावतो. इन्व्हर्टर जनरेटरला खांबाची वीज समजतो आणि त्याच्यात उलटी वीज ढकलू लागतो. माझी चूक नव्या पिढीने नव्या सामानानिशी करायची असेल, तर सोय झालेली आहे.

ओळखीत कुणी जनरेटर घेतला, तर मी त्याला वायरमनला विचारायला चार गोष्टी सांगतो. दोन्ही वीज एकाच वेळी घरात येणं अशक्य आहे का, की नुसतं ‘करायचं नाही’ असं ठरलंय? न्यूट्रलही तुटतो का? आरसीसीबी दोन्हीकडच्या विजेवर चालते का, आणि तिचं टेस्टचं बटण दोन्हीवर दाबून पाहिलं का? करंट परत आल्याचं कशालाही हात न लावता कळतं का? यातल्या एकाचंही उत्तर ‘लक्षात ठेवायचं’ असं आलं, तर काम अपुरं आहे.

आमच्या घरात आता चेंजओव्हर बहुतेक वेळा आईच फिरवते, कारण करंट जातो तेव्हा घरात तीच असते. तिला फेज-न्यूट्रल काही माहीत नाही. अंधारात ती दांडा कधी वर करते, कधी खाली, कधी मध्येच सोडून देते आणि घर अंधारात राहतं. तिने तो कसाही फिरवला तरी खांबावरच्या माणसाला त्याचं काही होत नाही.